शिकाऊ हात आणि परके डोके

व्यापाराच्या जगाने गेल्या दोन-तीन दशकांत एक नवा मंत्र स्वीकारला आहे. वस्तू परिपूर्ण होईपर्यंत थांबून राहू नये. ती कच्ची असतानाच लोकांच्या हाती द्यावी, लोक ती कशी वापरतात आणि तिच्याविषयी काय म्हणतात ते कान देऊन ऐकावे, आणि त्यांच्या बोलण्यावरून ती हळूहळू सुधारत न्यावी. पूर्वीचा कारखानदार आपली वस्तू वर्षानुवर्षे पडद्याआड घडवीत असे आणि एके दिवशी वाजतगाजत पडदा दूर करीत असे. आजचा उद्योजक पडदाच लावीत नाही. आपल्या मोबाईलवर वरचेवर ‘सुधारित आवृत्ती उपलब्ध आहे’ असा निरोप येतो, तेव्हा त्याचा सरळ अर्थ असा की, कालपर्यंत आपण जी वापरीत होतो ती आवृत्ती सदोष होती आणि देणाऱ्याला त्याची बहुधा कल्पनाही होती.

या मंत्राची चर्चा सहसा नफ्यातोट्याच्या अंगाने होते. माझ्या मते हा मुळात नीतीचा प्रश्न आहे. अपुरी आहे हे ठाऊक असताना एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे, आणि तिच्यातील दोष त्याच्या अनुभवातून शोधून काढणे, हे केव्हा उचित आणि केव्हा अनुचित?

प्रथम मंत्राची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती वरवर दिसते त्याहून पुष्कळ बळकट आहे. एरिक रीस या अमेरिकन उद्योजकाने २०११ साली ‘द लीन स्टार्टअप’ हे पुस्तक लिहून हा विचार जगभर पोहोचविला. त्यात त्याने स्वतःच्याच कंपनीची कथा सांगितली आहे. २००४ साली कॅलिफोर्नियात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आयएमव्हीयू नावाची कंपनी काढली. संगणकाच्या पडद्यावर चित्ररूप धारण करून लोकांनी परस्परांशी गप्पा माराव्यात, अशी तिची कल्पना. निरोपांची देवघेव करणारे जे निरनिराळे प्रोग्राम लोक त्या काळी वापरीत, त्यांना आपला प्रोग्राम जोडून द्यायचा, म्हणजे प्रत्येक जण आपले मित्र सोबत घेऊनच येईल, असा त्यांचा हिशेब होता. या खटाटोपात सहा महिने गेले. वस्तू बाजारात आली आणि तिच्याकडे कोणी फिरकेना. अखेर त्यांनी काही माणसांना कार्यालयात बोलावून शेजारी बसविले, तेव्हा उलगडा झाला. स्वतः पारखून न पाहिलेल्या गोष्टीत मित्रांना ओढणे लोकांना प्रशस्त वाटत नव्हते. उलट आणखी एक स्वतंत्र प्रोग्राम घेण्यास त्यांची मुळीच हरकत नव्हती. ज्या जोडणीसाठी एवढे कष्ट घेतले, ती कोणालाच नको होती. ते काम टाकून द्यावे लागले.

येथे दोष जोडणीच्या कारागिरीत होता असे नव्हे. ती कितीही सुबक झाली असती तरी निरुपयोगीच ठरली असती. दोष होता तो करणाऱ्याने मनाशी रंगविलेल्या माणसात. तो माणूस जगात नव्हताच. आपल्या कल्पनेतील असला दोष बंद खोलीत बसून कोणालाही दिसत नाही. तो दाखवायला दुसरा माणूस समोर यावा लागतो.

शिंप्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोट बेतल्यावर तो लगेच पक्की शिलाई मारीत नाही. कच्चे टाके घालून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतो, हात वर करायला लावतो, पाठ फिरवायला लावतो. खांद्याशी कापड कोठे ओढले जाते, हे मापाच्या फितीला कळत नाही. ग्रंथांच्या बाबतीतही असेच आहे. मोल्सवर्थने आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध केला. सव्वीस वर्षांनी, १८५७ साली, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. साठ हजारांची भरती होईपर्यंत त्याने पहिली आवृत्ती अडवून धरली असती, तर मराठी शिकणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्या कोशावाचून राहिली असती. आणि जिवंत भाषेचा कोश पुरा होतो तरी कधी?

संगणकाच्या क्षेत्रात या रीतीला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती लिनस टोर्वाल्ड्सने. १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना त्याने संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहायला घेतला आणि तो जेमतेम उभा राहताच जगापुढे ठेवून दिला. हा आपला छंद आहे, यातून फार मोठे काही निघणार नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले होते. पहिल्या आवृत्तीला त्याने क्रमांक दिला तो ०.०१. मोठा प्रामाणिक क्रमांक म्हटला पाहिजे! पूर्ण एक क्रमांकाची आवृत्ती निघायला १९९४ चा मार्च उजाडला. मधल्या काळात अनोळखी माणसांनी दूरदूरच्या देशांतून दोष कळविले, आणि पुष्कळांनी तर ते दुरुस्त करूनच पाठविले. लिनक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छंदावर आज जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक चालतात आणि अँड्रॉइडच्या मोबाईलचा गाभाही तोच आहे.

या यशाची मीमांसा करताना एरिक रेमंड याने १९९७ साली एक निबंध लिहिला आणि त्यात दोन उपमा योजल्या: कॅथेड्रल आणि बाजार. मोजक्या कारागिरांनी एकांतात, आवृत्ती सिद्ध होईपर्यंत बाहेर काही न दाखविता केलेली निर्मिती म्हणजे कॅथेड्रल. गोंगाटात, सर्वांसमक्ष, सर्वांच्या हातांनी होणारी निर्मिती म्हणजे बाजार. निबंध गाजला. परंतु कॅथेड्रले प्रत्यक्षात कशी बांधली गेली, याचा विचार ही उपमा योजताना झालेला दिसत नाही. कोलोनच्या कॅथेड्रलचा पाया १२४८ साली घातला गेला. वेदीकडचा भाग १३२२ मध्ये अभिषिक्त होऊन तेथे उपासना सुरू झाली, आणि इमारत पुरी झाली ती १८८० साली. मधली कित्येक शतके अर्धवट मनोऱ्यावर एक लाकडी यारी तशीच उभी होती आणि गावाला तिची इतकी सवय झाली होती की गावाच्या चित्रांतही ती दिसते. बार्सिलोनाचे सग्रादा फामिलिया १८८२ साली सुरू झाले. २०१० च्या नोव्हेंबरात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्याचा अभिषेक केला, तेव्हाही ते अपुरेच होते. फ्रान्समधील बोव्हेच्या कारागिरांनी वेदीवरची कमान तोपर्यंत कोणी नेली नव्हती इतक्या उंचीवर नेली. १२८४ साली तिचा काही भाग कोसळला. मग त्यांनी मधल्या जागेत आणखी खांब घातले. तेव्हा कॅथेड्रलेदेखील उघड्यावर, वापरता वापरता, पडता-सावरता घडली आहेत. तात्पर्य, अपुरी वस्तू लोकांसमोर ठेवण्याची ही रीत संगणकाने शोधून काढलेली नाही.

मात्र बोव्हेचा उल्लेख आला की मन अडखळते. दगडांनी दिलेला तो अभिप्राय होता खरा; पण कमानीखाली जो उभा असेल, त्याला अभिप्राय हा शब्द सुचणार नाही.

उत्तर हिंदुस्थानात एक म्हण आहे. न्हाव्याचा पोरगा हजामत शिकतो आणि डोके कापले जाते ते खेडुताचे. शिकाऊ हाताला शिकण्यासाठी डोके लागतेच. त्याला आजन्म भोपळ्यावर वस्तरा फिरवायला लावले, तर तो भोपळेच तासायला शिकेल. म्हण त्याच्या शिकण्याला हसत नाही. डोके कोणाचे निवडले, एवढेच ती विचारते. स्वतःच्या बापाचे नव्हे, गावच्या पाटलाचे तर नव्हेच. ज्याच्या ओरडण्याने काही बिघडणार नाही, अशाचे. एवढी अचूक नीतिमीमांसा व्यवस्थापनशास्त्राच्या जाड ग्रंथांत क्वचितच आढळेल.

लिनक्सच्या बाबतीत डोके कोणाचे होते? ज्यांनी ते घेतले ते बहुतेक स्वतः त्या विद्येतले जाणकार होते. वस्तू अर्धीकच्ची आहे हे त्यांना सांगितलेले होते, बिघडली तर ती पुसून टाकून जुन्याकडे परत जाण्याची वाट मोकळी होती, आणि दोष सापडला तर करणाऱ्याला थेट लिहिता येत होते. एका अर्थाने न्हाव्याच्या पोरांनी एकमेकांच्याच डोक्यावर हात चालविला. यात कोणावर अन्याय झाला असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की, हे यश पाहून तीच रीत जेथे डोके दुसऱ्याचे आहे अशा ठिकाणी नेण्यात आली.

पण म्हणून परिपूर्ण झाल्यावरच वस्तू बाहेर काढावी, असा आग्रह धरता येतो काय? येथे इतिहासातील एक प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

जगातील पहिले प्रवासी जेट विमान म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे कॉमेट. ते २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गच्या वाटेवर निघाले आणि प्रवासी जेटचे युग सुरू झाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट वादळात सापडून मोडले आणि त्रेचाळीस माणसे गेली. वादळाकडे बोट दाखविणे सोपे होते. १० जानेवारी १९५४ ला दुसरे कॉमेट रोमहून उडाल्यावर एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले, मृत पस्तीस. या वेळी आकाश निरभ्र होते. उड्डाणे थांबविण्यात आली. कशाने झाले असेल याचे तर्क लढविले गेले आणि प्रत्येक तर्कागणिक एकेक डागडुजी करीत विमानात सुमारे साठ सुधारणा केल्या गेल्या. २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांत, आणखी एक कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेले. आणखी एकवीस माणसे.

त्यानंतर फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत जे झाले, ते तंत्रविद्येच्या इतिहासात नोंदले गेले आहे. एका संपूर्ण कॉमेटचा सांगाडा त्यांनी पाण्याने भरलेल्या प्रचंड टाकीत बसविला. उंचावर गेल्यावर विमानाच्या आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. प्रत्येक उड्डाणात सांगाडा फुगतो, उतरल्यावर पूर्ववत होतो. टाकीत ते पाण्याच्या दाबाने करण्यात आले. फुगव, सोड, पुन्हा फुगव. दिवसरात्र. जोडीला पंखही हलविले जात होते. पाणी अशासाठी की, हवेने फुगविलेला सांगाडा फुटला तर बाँबसारखा उडतो आणि कोठून फाटला हे कळत नाही. पाण्यात तो शांतपणे चिरतो. प्रत्यक्षातील आणि टाकीतील मिळून ३,०५७ उड्डाणांएवढा ताण झाल्यावर तो चिरला. झरोक्याच्या कोपऱ्याशी, जेथे ताण एकवटत होता, तेथे धातू थकला होता. वाकवून वाकवून तार तुटावी तसा.

डी हॅविलँडचे लोक निष्काळजी होते काय? मुळीच नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. त्यांनी सांगाड्याच्या एका भागावर कित्येक हजार वेळा दाबाची चाचणी घेतली होती आणि तो भाग टिकला होता. परंतु त्याच नमुन्यावर त्यांनी आधी एकदा नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्या जबर दाबाने नाजूक जागचा धातू किंचित ताणला जाऊन उलट अधिक चिवट झाला होता. तपासलेला नमुना अशा रीतीने आकाशात उडणाऱ्या विमानांहून बळकट होता. आपली वस्तू पुरी झाली आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

यावरून मला असे दिसते की, पुरी वस्तू आणि अपुरी वस्तू असा जो भेद आपण करतो, तो फारसा खरा नाही. जगात वापरास आलेली प्रत्येक वस्तू कमीअधिक अपुरीच असते. काहींचे अपुरेपण कबूल केलेले असते, काहींचे कबूल केलेले नसते, आणि काहींचे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘आधी पुरी करा, मग द्या’ हा उपदेश त्यामुळे थिटा पडतो. नैतिक प्रश्न उरतो तो असा: दोष प्रकट होईल तेव्हा त्याचे मोल कोण मोजणार? पहिल्या कॉमेटांच्या प्रवाशांनी ते मोजले. फार्नबरोच्या टाकीत तेच मोल एका रिकाम्या सांगाड्याने मोजले. अभिप्राय दोन्हीकडे एकच होता: कोपऱ्यापाशी चीर पडते. तो प्रवाशांशिवाय मिळविता येत होता, पण ते सुचले आणि परवडले ते तीन विमाने गेल्यानंतर.

कॉमेटच्या काळी हे अज्ञान होते असे तरी म्हणता येते. बोइंग ७३७ मॅक्सच्या बाबतीत तीही सोय नाही. त्या विमानात, नाक फार वर गेले तर ते आपोआप खाली लोटणारी एक स्वयंचलित योजना घातली होती. ती एकाच संवेदकाच्या सांगण्यावर चालत असे आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा खुलासा नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान जावा समुद्रात पडून १८९ माणसे गेली. त्यानंतर कंपनी सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती तयार करू लागली, आणि दरम्यान विमाने उडत राहिली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे विमान पडले, १५७ माणसे. वापरातून मिळालेल्या अनुभवाने वस्तू सुधारत नेण्याचा जो मंत्र, त्याचेच हे अक्षरशः पालन होते. मात्र ज्यांच्या अनुभवातून शिकायचे, त्या वैमानिकांना आपण काय चालवीत आहोत हेच पुरते सांगितलेले नव्हते. ०.०१ या क्रमांकाची आठवण येथे होते. अपुरेपण उघडपणे सांगणे ही नम्रतेची शोभा वाटते. खरे पाहता तो घेणाऱ्याचा हक्क आहे. न सांगता दिलेल्या अपुऱ्या वस्तूवर जो शिकतो, तो दुसऱ्याच्या जिवावर शिकतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर भीतीला नीतीचे नाव दिल्यासारखे होईल. थांबण्यालाही किंमत असते, आणि तीदेखील बहुधा दुसराच मोजतो. पाय गमावलेल्या शेतकऱ्याला पाय आज हवा असतो. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९६० च्या दशकात असे दिसत होते की, परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय घेऊन गेलेला खेडुत काही दिवसांनी तो कोपऱ्यात टाकतो आणि पुन्हा कुबड्यांवर येतो. तो पाय विद्येच्या दृष्टीने पुरा होता. पण त्यावर बूट घालावा लागे. तो घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलातून चालता येत नसे, आणि बूट घालून देवळात किंवा स्वयंपाकघरात जाणेही बरे दिसत नसे. खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडविलेली ती वस्तू जमिनीवर बसणाऱ्याच्या कामाची नव्हती. टाकून दिलेले ते पाय हाच अभिप्राय होता, आणि सेठींचे मोठेपण असे की त्यांनी तो रोग्याचा अडाणीपणा मानला नाही.

रामचंद्र शर्मा या फारसे न शिकलेल्या पण हाताचे कसब असलेल्या कारागिराने टायरला लावतात तसल्या रबराचा, उघड्या पावलासारखा दिसणारा पाय घडविला. हा जयपूर फूट १९६८ साली पुढे आला. तो एका दिवसात सिद्ध झाला नाही. केलेला पाय रोग्याने लावून चालायचे, बसून पाहायचे, टोचते तेथे सांगायचे, आणि पुन्हा काम करायचे, असा तो क्रम होता. हेही परक्या पायावर शिकणेच होते. परंतु रोगी आणि कारागीर एकाच आवारात होते, आणि ‘येथे दुखते’ हे शब्द ऐकायला मधे कोणी कारकून नव्हता. न जमलेला पाय काढून ठेवला की माणूस जेथे होता तेथेच राही. त्याचे काही हिरावले जात नसे. पुढे मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन हिने अपघातात पाय गमावल्यावर जयपूर फूट लावून १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. पावलाच्या घडणीत कोणी भरतनाट्यम् आधी धरले नसेल! वस्तू सर्वांगी पुरी होण्याची वाट पाहत ती माणसे थांबली असती, तर ती थोर नीतिमान ठरली असती असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या चालण्यापेक्षा स्वतःचा निष्कलंकपणा त्यांना प्रिय होता, एवढेच ठरले असते.

या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी ती गोष्ट आहे जिच्यामुळे हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. वस्तू जेव्हा दुकानात विकली जात नाही, तर शासनाकडून लागू होते, तेव्हा काय? गेल्या दशकात आपल्या देशात रेशनच्या दुकानांवर अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे आली. हेतू चांगला होता; खोट्या शिधापत्रिकांवर धान्य लाटले जात होते, हे कोणी नाकारणार नाही. पण ठसा ज्या बोटाचा घ्यायचा, ते बोट यंत्र करणाऱ्याने कोणाचे धरले होते? भातलावणी करणारीचे, विटा वाहणाऱ्याचे, मिठागरात राबणाऱ्याचे, जाळी ओढणाऱ्याचे बोट कामाने झिजलेले असते. म्हातारपणी तर रेषा पुसटच होतात. ज्यांना धान्याची गरज सर्वांत अधिक, त्यांचाच अंगठा यंत्राला ओळखू येईनासा झाला. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ठसे न जुळण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्क्यांपर्यंत आणि राजस्थानात ३७ टक्क्यांपर्यंत असल्याचे नमूद झाले आहे. त्याच पाहणीत आंध्रच्या कृष्णा जिल्ह्याचा आकडा ५ आहे. म्हणजे हे अटळ होते असेही नाही.

पुढे सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. ठसा न जुळल्यास मोबाईलवर क्रमांक पाठविणे, डोळ्याची बुबुळे तपासणे, असे पर्याय निघाले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिधा-अनुदानासाठी आधारची सक्ती वैध ठरविताना, पडताळणी फसली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवता येणार नाही, हेही स्पष्ट केले. मंत्राचे समर्थक म्हणतील, पाहा, वस्तू आली, दोष कळले, सुधारणा झाली. शब्दशः ते खरे आहे. पण मोबाईल बिघडला की मी दुसरा घेतो. रेशनच्या दुकानाला दुसरे दुकान नसते. आयएमव्हीयू न आवडलेला माणूस उठून घरी गेला. ठसा न जुळलेली म्हातारीही उठून घरी गेली, पण पिशवी रिकामी घेऊन. एक महिना न मिळालेले धान्य पुढल्या महिन्यात यंत्र सुधारल्याने त्या महिन्याच्या ताटात येत नाही. जी चूक मागे जाऊन पुसता येते आणि जी येत नाही, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांचे वेगळेपण विचार करण्याजोगे आहे. अभिप्राय मागविला जातो. गाऱ्हाणे घालावे लागते. अभिप्राय देणारा खुर्चीवर बसलेला असतो, त्याच्या मताला वजन असते, त्याने पाठ फिरविली तर मागणाऱ्याचे नुकसान होते. गाऱ्हाणे घालणारा उभा असतो. कोकणात गाऱ्हाणे देवापुढे घालतात, आणि ज्याच्यापुढे घालावे असे माणसांत कोणी उरले नाही, त्याने ते देवापुढे घालावे हे समजण्यासारखे आहे. लोकांच्या प्रतिसादातून सुधारणा करू, असे जेव्हा एखादी कंपनी किंवा एखादे खाते म्हणते, तेव्हा ते पहिला शब्द मनात धरून बोलत असते. पण म्हातारीपाशी अभिप्राय कळविण्याचे साधन नाही. दुकानदाराला तिने सांगितले तर तो म्हणतो, ‘आजी, यंत्र घेत नाही, मी काय करू?’ आणि तो खोटे बोलत नसतो. यंत्र घडविणारा अभियंता तिच्यापासून जितका दूर, तितका जयपूरचा कारागीर आपल्या रोग्यापासून कधीच नव्हता. त्या अभियंत्याच्या पडद्यावर तिची नोंद होते ती ‘ठसा जुळला नाही’ एवढीच. आणि खोटी शिधापत्रिका घेऊन आलेल्या लबाडाचीही नोंद तशीच होते. अभिप्राय पोहोचला, पण त्यातला माणूस वाटेत गळून पडला.

मग यंत्र आणूच नये काय? तसे मी म्हणणार नाही; खोट्या पत्रिकांवर जाणारे धान्यही कोणा गरिबाच्याच तोंडचे असते. फार्नबरोच्या टाकीसारखे येथे काय करता आले असते, हा विचार अधिक उपयोगाचा. ते फार अवघड नव्हते. दुकानात नवे यंत्र आणि जुनी वही काही महिने शेजारी शेजारी ठेवायची. अंगठा यंत्रावर टेकवायचा, जुळला की नाही ते वहीत लिहायचे, आणि जुळो न जुळो, धान्य वहीवर द्यायचे. महिनाअखेर यंत्र घडविणाऱ्यांपैकी कोणीतरी येऊन, न जुळलेल्या नावांच्या घरी जाऊन ती बोटे डोळ्यांनी पाहायची. या काळातली गळती सरकारने सोसायची, कारण शिकणारा तोच आहे. सर्वत्र असे झाले असते, तर झारखंडचा ४९ हा आकडा आर्थिक पाहणीत छापला जाण्याआधी एखाद्या तालुक्याच्या वहीत उतरला असता, आणि तो उतरताना कोणाची पिशवी रिकामी राहिली नसती.